मारुतीच्या शेपटीचा तिसरा ठोका

सहदेव घाड्याची मान पंच्याऐंशी साली जी ताठ झाली ती पुन्हा म्हणून वाकली नाही. मुलुंडच्या डॉक्टरांनी मणक्याचे फोटो काढले, मलम दिलं, गळ्यात पट्टा घालायला लावला. सगळं फुकट. दुखणं मणक्यात नव्हतंच मुळी. ते होतं नऊ फुटांच्या एका शेपटीत, आणि शेपटी होती साक्षात मारुतीची.

त्याआधी हा माणूस जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, होता. परळच्या एका गिरणीत, विणकामाच्या साळखात्यात, चोवीस साचे त्याच्या हाताखाली चालत. साचा म्हणजे कापड विणायचा माग. साचा उद्या बिघडणार असला की सहदेवला आज शिंक यायची. एकदा तर जेवणाच्या सुटीत, भिंतीपलीकडून, नुसत्या आवाजावरून त्याने सोळाव्या साच्याचा ढिला बोल्ट ओळखला, आणि आपल्याला ओळखलं म्हणून तो बोल्ट लाजून आपणहून आवळला गेला. हे सांगणारे तीन साक्षीदार अजून हयात आहेत. त्यातला एक ठार बहिरा आहे, पण ते सोडा.

मग ब्याऐंशीचा संप आला. गिरणीचं फाटक बंद झालं ते झालंच. बावन्न वर्षांचा जॉबर मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात लागला. तिथे हाताने ओढायच्या क्रेन बनत. साखळ्या, चाकं, आकडे. सहदेवच्या हातात आला ग्रीसचा डबा, आणि त्याला हाक मारायची ती ‘ओ ग्रीसवाले’ अशी. चोवीस साच्यांचा धनी एका डब्याचा धनी झाला. तो हूं की चूं करत नसे, पण घरी आल्यावर जानकीने, म्हणजे बायकोने, भाजीत तेल जरा जास्त घातलं तरी त्याला ते ग्रीससारखं लागे.

एकच गोष्ट कुणी काढून घेतलेली नव्हती. गाऱ्हाणं.

मुलुंडला त्याच्या गावची पन्नासेक घरं होती आणि त्यांचं एक हौशी दशावतारी मंडळ होतं. वर्षाला एक नाटक. पडदा उघडण्याआधी रंगमंचावर नारळ ठेवायचा आणि ग्रामदैवत लिंगेश्वराला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने साकडं घालायचं, आणि प्रत्येक मागणीला गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा, हे गाऱ्हाणं. ते घालायचा मान घाड्यांचा. सात पिढ्यांचा. गिरणीत कुणीही मॅनेजर होवो, देवाशी थेट बोलायचा परवाना सहदेवकडे होता. कोकणात माणूस घर सोडील, जमीन सोडील, मान सोडणार नाही. मानासाठी सख्खे भाऊ तीस-तीस वर्षं एकमेकांच्या दारातून तोंड फिरवून जातात आणि तब्येती ठणठणीत ठेवतात.

तर हाच मान सहदेवने एका संध्याकाळी पणाला लावला. चहा प्यायला होता, दुसरं काही नाही.

झालं असं, की त्या वर्षी नाटक ठरलं लंकादहनाचं. मागच्या खेळाला मारुतीची शेपटी म्हणजे जुन्या साडीत कोंबलेला भुसा होता. मारुतीचं काम करणारा दादू अंगाने आडवातिडवा गडी; पण रावणाच्या दरबारात शिरताना शेपटीत पाय अडकून तो असा पडला की रावणानेच उठून त्याला पाणी दिलं. बैठकीत ती आठवण निघाली आणि मृदंगवाला श्यामसुंदर म्हणाला की यंदा शेपटीच नको, मारुती लोकांकडे तोंड करून उभा राहील. श्यामसुंदर हा जानकीचा भाऊ, सहदेवचा मेहुणा. वीस बोटांचा माणूस म्हणत त्याला, कारण दहा बोटांत एवढी थाप बसणं शक्य नाही असं सगळ्यांचं मत होतं. त्याच्या ठोक्यावर घड्याळं लावावीत. एकदा त्याच्या मृदंगावर नाचताना एका राक्षसाला उचकी लागली ती पण तालात.

सहदेव म्हणाला, शेपटी मी करतो. नुसती लोंबणारी नव्हे. दादू लंकेच्या वेशीवर उभा राहील, शेपटी खाली सोडील, ती झोके घेत घेत वर येईल आणि समोर सिंहासनावर बसलेल्या रावणाच्या डोक्यावरचा मुकुट उडवील. नाकाला धक्का न लावता.

रावणाचं काम करणाऱ्या जयवंतने आपलं नाक चाचपलं. बाकीचे हसले. श्यामसुंदर सगळ्यात शेवटी हसला आणि सगळ्यात जास्त वेळ.

“गिरण गेली, साचे गेले,” तो म्हणाला. “आता आमचे भावोजी शेपटी चालवतले.”

हे वाक्य तसं साधं. पण ग्रीसच्या डब्याची तीन वर्षं त्याच्या मागे होती. सहदेवने कप खाली ठेवला.

“मुकुट उडूक नाय, तर गाऱ्हाणा तू घाल, श्यामा. ह्या वर्सापासून. कायमचा.”

बैठकीत असा शुकशुकाट झाला की शेजारच्या चाळीतल्या कुकरची शिट्टी आपल्यालाच विचारतेय असं वाटून दोघातिघांनी ‘काय?’ म्हटलं. शब्द गेला होता. घरी जानकी दोन दिवस बोलली नाही. एकीकडे नवऱ्याचा मान, दुसरीकडे भावाचा. तिने सुक्या बांगड्याचा तुकडा ताटात वाढला तो सुद्धा मधोमध, कुणाच्याच बाजूला न झुकता.

सहदेव कामाला लागला. जॉबर माणूस, आधी नमुना करणार. खराट्याच्या सात हिराच्या काड्या घेतल्या, वरची मोठी, खालची लहान, अशा उतरत्या मापाने कापल्या, सांध्यात टाचण्या ओवल्या. एक फुटाची शेपटी झाली. गिरणीतून निघताना खिशात राहिलेली एक लाकडी बॉबिन होती, तिला मारुती केलं. समोर खडूचा रावण, त्याच्या डोक्यावर निळीच्या डबीचं झाकण. मग बॉबिनीला बोटाने ताला-तालात झटका द्यायचा. पहिल्या झटक्याला शेपटी हलली, पाचव्याला झुलली, नवव्याला फणकारा मारून वर आली आणि झाकण उडालं ते थेट आमटीत.

एक भानगड मात्र होती. दहा वेळा केलं तर सहा वेळा झाकण उडे, चार वेळा शेपटी अध्येमध्ये मुडपून बॉबिनीलाच थोबाडीत मारी.

हा खेळ तो कारखान्यात जेवणाच्या सुटीत करत बसलेला असताना मृणालिनीने पाहिला. ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, सहा महिने शिकायला कारखान्यात आलेली. तिला कॉलेजात प्रकल्प दिला होता तो नेमका हाच: एकमेकींना जोडलेल्या, सांध्यात फिरणाऱ्या दांड्या; त्यांना बाहेरून जोर लावला तर त्या कशा कशा हलतील ते कागदावर आधी सांगायचं. बिचारी तीन दांड्यांवर तीन आठवडे अडकली होती. सात दांड्या फिरताना पाहून तिच्या हातातला डबा तसाच राहिला.

तिने वहीत समीकरणं मांडून दाखवली. एक दांडी असली तर चार ओळी. दोन असल्या तर पान भरतं. सातांची मांडली तर कागद मरोळ नाक्यापर्यंत जाईल आणि सोडवायला कॉलेजचा संगणक लागेल, तिथे तिचा नंबर तीन महिन्यांनी होता.

“आणि काका, सोडवूनही उपयोग नाही,” ती म्हणाली. “सगळे सांधे मोकळे आहेत ना, म्हणून सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी शेवटी कुठल्या कुठे जातं.”

सहदेवला समीकरण कळलं नाही, पण हे कळलं. सात दांड्या म्हणजे लग्नाला आलेले सात गावचे पाहुणे. वरात हळू चालली तोवर सगळे एका रांगेत. जोर आला की ज्याचं त्याचं तोंड ज्याच्या त्याच्या गावाकडे. यावर गिरणीत तोड होती. साच्यात आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला फटका मारणारी काठी जास्त मागे जाऊ नये म्हणून चामड्याची जाड गादी लावत. त्याने प्रत्येक सांध्याला तसा चामड्याचा अडसर बसवायचं ठरवलं. दांडीने वाकावं, पण आपल्या मर्यादेत. उलटं मुडपू नये. घरंदाज सुनेसारखं. मृणालिनी म्हणाली, सूनच का, जावई पण. आणि अडसराचं चित्र तिने वहीत काढून घेतलं. अडसरांनिशी काडीची शेपटी दहातून दहा वेळा झाकण उडवू लागली.

हा नमुना त्याने मंडळात नेला. ताल कुणी धरायचा? श्यामसुंदरनेच धरला, टेबलावर, बोटांनी, आपल्या लंकादहनाच्या ठरलेल्या ठोक्यात. ठोक्याला एक झटका. झाकण उडालं आणि श्यामसुंदरच्या चहात पडलं. चहा निळा झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. श्यामसुंदरने तो चहा बाजूला सारला आणि शांतपणे सांगितलं की पैज खराट्याची नव्हती, मारुतीची होती.

मोठी शेपटी बनायला महिना गेला. कुर्ल्याच्या भंगारातून सहदेवने मोडलेल्या साच्यांच्या त्याच फटका मारणाऱ्या काठ्या शोधून आणल्या. त्या लाकडाला तो नावानिशी ओळखत असावा. त्याने हात लावला की काठी कण्हायची, असं भंगारवाल्याने शपथेवर सांगितलंय. सात काठ्या, सहा सांधे, चामड्याचे अडसर, वर काथ्या, काथ्यावर तपकिरी मखमल, टोकाला लाल कागदात गुंडाळलेला विजेरीचा बल्ब. नमुन्याच्या बरोब्बर नऊपट. एक तसू इकडेतिकडे नाही.

नाटकाला नऊ दिवस राहिले असताना रविवारी सकाळी मैदानात तालीम झाली. बांबूंची बारा फुटी लंकेची वेस उभी केली. दादू वर चढला, कमरेला पट्टा, पट्ट्याला शेपटी. समोर खुर्चीवर जयवंत मुकुट घालून, नाकावर हात धरून. श्यामसुंदरने मृदंग घेतला. ठोका पडला, दादूने कमरेला झटका दिला. दुसरा ठोका, दुसरा झटका. तिसरा.

शेपटी वर यायची सोडून थरथरायला लागली. वरचा दांडा डावीकडे तर मधला उजवीकडे. झोका नाहीच, नुसती वळवळ. दादू जीव तोडून कंबर हलवतोय आणि शेपटी पावसाळ्यातल्या गांडुळासारखी जागच्या जागी. शेवटी तिने सगळी वळवळ गोळा केली आणि दादूच्याच पोटरीत अशी काही हाणली की तो वेशीवरून खाली आला तो पायऱ्यांनी नव्हे.

दादूला लागलं नाही, कारण तो जयवंतवर पडला. जयवंतचं नाक वाचलं, कारण त्यावर हात होता. पण लोक हसत घरी गेले, आणि त्याच दुपारपासून श्यामसुंदर आपल्या गॅलरीत उभा राहून मोठ्या आवाजात गाऱ्हाण्याचा सराव करू लागला. ‘बा देवा लिंगेश्वरा’ हे तीन घरं पलीकडे सहदेवच्या ताटात येऊन पडायचं.

सहदेवने सगळे सांधे सोडले, तेल घातलं, पुन्हा आवळले. मखमल कातरून हलकी केली, न जाणो खाडीवरचा वारा धरत असेल. दादूच्या कमरेला दोष दिला. बुधवारपर्यंत त्याने सगळ्यांना दोष देऊन पाहिला, फक्त एका गोष्टीकडे बोट गेलं नाही, आणि ती त्याला इतकी पक्की होती की विचारायची गरजच वाटली नव्हती: नमुना जसा चालतो तसं मोठं चालतं. ठोका तोच, माप मोठं. गिरणीत एकाच शाफ्टवर शंभर साचे चालताना बघितलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

गुरुवारी तो कारखान्यात एका क्रेनला ग्रीस लावत होता. साखळी वर ओढलेली, आकडा छतापासून हातभर खाली. त्याचा धक्का लागला, आकडा टुकटुक टुकटुक हलला. मग कुणीतरी साखळी खालपर्यंत सोडली. पुन्हा धक्का लागला. आता तोच आकडा, तीच साखळी, पण डोलला तो जेवण करून झोपाळ्यावर बसलेल्या जमीनदारासारखा. सावकाश. अति सावकाश.

सहदेवच्या हातातला ग्रीसचा डबा पडला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

त्याने साखळी एक फुटावर धरली आणि तोंडाने श्यामसुंदरचा ठोका म्हणत झोके मोजले. एका ठोक्याला एक झोका. चार फुटांवर सोडली: एका झोक्याला दोन ठोके. नऊ फुटांवर सोडली आणि श्वास रोखून मोजलं. तीन. कमी नाही, जास्त नाही. आणि मग त्याने स्वतःच्या कपाळावर ग्रीसचा हात मारून घेतला, कारण हे त्याला तीस वर्षं माहीत होतं. चादरीचा रुंद साचा धोतराच्या अरुंद साच्याच्या वेगाने कधी चालतो का? शाफ्ट एक असला तरी रुंद साच्याला जॉबर चाक मोठं लावतो, त्याला संथ करतो. नाहीतर धोटा उडून कुणाचा तरी दात जातो. चोवीस साच्यांना ज्याने चाकं बसवली, तो शेपटीला चाक बसवायचं विसरला होता.

कपाळावर काळा टिळा घेऊन तो मृणालिनीकडे गेला. तिने साखळीचे आकडे वहीत लिहिले, एक, चार, नऊ. एक, दोन, तीन. आणि ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली.

“काका, हे वर्गमूळ आहे. हे तुम्ही साखळीवर काढलंत?”

“मूळ-बीळ माका ठावक नाय, बाय,” सहदेव म्हणाला. “नऊपट लांब, तिप्पट संथ. एवढा खरा ना?”

खरं होतं. तिने पुढे सांगितलं की लांब शेपटीला दर ठोक्याला झटका दिला तर तीनातले दोन झटके झोक्याच्या आड येतात. म्हणून जोर झोक्यात न जाता सांध्या-सांध्यात शिरतो आणि वळवळ होते. सात दांड्यांचं अख्खं गणित नाही सोडवता आलं, पण कुठला झटका कामाचा आणि कुठला घातकी, एवढं तिच्या कागदाने आणि त्याच्या साखळीने एकमताने सांगितलं.

आता उपाय दोन. एक, श्यामसुंदरने मृदंग तिप्पट संथ वाजवायचा. हे सांगायला जाणं म्हणजे वाघाला भाकरी वाढणं. लंकेत शिरणारा मारुती आहे की सासरी निघालेली नवरी, असं तो विचारणार, आणि पैज त्याच्याशीच, तो कशाला हात देईल? दुसरा उपाय सहदेवला बसथांब्यावर सुचला, आणि तो इतका सोपा होता की त्याने तीन बसगाड्या सोडून दिल्या. श्यामसुंदरला वाजवू दे त्याचंच. दादूने दोन ठोके सोडायचे आणि तिसऱ्याला झटका द्यायचा. मेहुण्याच्या मृदंगालाच मोठं चाक लावायचं.

पण तालमीला ठोका कुणाचा? तिथे जानकी उठली. पैज लागल्यापासून ती पहिल्यांदा पुरतं वाक्य बोलली: “श्यामाचो ठोको मी पाळण्यातसून ऐकलंय.” तिने पितळी ताट पालथं घातलं आणि उलथन्याने वाजवायला घेतलं. डोळे मिटून ऐकलं असतं तर श्यामसुंदर स्वयंपाकघरात शिरला असंच वाटावं. दादूने चार संध्याकाळ त्या ताटावर ‘एक, दोन, राम’ म्हणत कंबर हलवली. पाचव्या दिवशी त्याला जेवताना पण तिसरा घास मोठा यायला लागला.

खेळाच्या दिवशी संध्याकाळी मैदान भरलं. घाटकोपरची, बोरिवलीची, गोवंडी-मानखुर्दची गाववाली मंडळी आली. मृणालिनी वही घेऊन पहिल्या रांगेत. सहदेवने गाऱ्हाणं घातलं. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जानकीला कळलं की प्रत्येक शब्द तो हातात घेऊन बघतोय, पुन्हा मिळेल न मिळेल अशा बेताने.

लंकेचा प्रवेश आला. दादू वेशीवर उभा राहिला, शेपटी सोडली. जयवंत सिंहासनावर, नाकावर हात ठेवला तर रावण शोभत नाही म्हणून त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते. श्यामसुंदरने थाप मारली. एक ठोका गेला, दादू गप्प. दुसरा गेला, गप्प. लोक चुळबुळले. तिसऱ्याला कंबर हलली.

शेपटी वळवळली नाही. ती अख्खीच्या अख्खी, सातही दांडे एका रांगेत, हातभर पुढे गेली आणि परत आली. दोन ठोके. झटका. दोन हात. दोन ठोके. झटका. टोकाचा लाल बल्ब आता अंधारू लागलेल्या मैदानावर वितीवितीने मोठी कमान काढत होता. सहाव्या झोक्याला वाऱ्याची झुळूक रावणाच्या मिशीला लागली.

आणि तेव्हा श्यामसुंदरच्या ध्यानात आलं.

सहदेव पडद्याच्या कडेला उभा होता. मेहुण्याची नजर शेपटीवरून दादूच्या कमरेवर, कमरेवरून स्वतःच्या हातांवर आणि तिथून सरळ आपल्यावर आलेली त्याने पाहिली. दोघांनाही कळलं की दोघांनाही कळलंय. आता सगळं त्या दहा बोटांत होतं. एक ठोका अर्ध्या श्वासाने पुढे सारला असता, एक थाप जराशी ओढली असती, तर तिसरा झटका झोक्याच्या आड आला असता, शेपटी मुडपली असती, आणि या मैदानात एका माणसालाही कळलं नसतं की चूक कुणाची. सात पिढ्यांचा मान त्या अर्ध्या श्वासाच्या पलीकडे ठेवलेला होता, हात लांबवला की आपला.

श्यामसुंदरने डोळे मिटले आणि वाजवत राहिला.

वाजवला म्हणजे काय वाजवला! गॅलरीत गाऱ्हाण्याचा सराव केलेला माणूस तो नव्हेच. ठोका असा पडत होता की जणू जमिनीत खुंट्या ठोकाव्यात आणि मधलं अंतर फूटपट्टीने मोजावं. मुलुंड स्टेशनातलं घड्याळ त्या दिवशी दोन मिनिटं मागे होतं ते त्या मृदंगाने दुरुस्त झालं. विश्वास नसेल तर स्टेशनमास्तरांना विचारा, ते निवृत्त होऊन वारले. आठवा झोका. नववा. दहाव्याला बल्ब मुकुटाच्या तुऱ्याला पुसटसा लागून गेला आणि अख्ख्या मैदानाने एकदम श्वास आत घेतला. एक ठोका. दोन ठोके. दादूने ‘राम’ म्हटलं ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

शेपटीचे वरचे सहा दांडे आपापल्या अडसरावर थांबले, आणि सगळ्यांचा मिळून जोर सातव्यात उतरला. टोक सपकन वर फिरलं. मुकुट उडाला. तो किती वर गेला याबद्दल मतभेद आहेत. जयवंतच्या म्हणण्याप्रमाणे त्याला तो काही काळ दिसेनासा झाला. पुढे तो मंडपाच्या मागच्या बाजूला चहावाल्याच्या उकळत्या टोपावर येऊन बसला, आणि चहावाला नंतर वर्षभर स्वतःला बिभीषण म्हणवून घेत होता. रावण सिंहासनावर बोडका बसला होता, नाक जागच्या जागी.

मैदान उभं राहिलं. बायकांनी लुगड्याच्या पदराने डोळे पुसले, आणि ज्यांना शेपटीचं गणित शून्य कळलं होतं तेही ‘आमच्या गावचो जॉबर’ म्हणून शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दे घालू लागले. जॉबर. तो शब्द सहदेवच्या कानावर तीन वर्षांनी पडला. मृणालिनी वहीत भराभर काहीतरी लिहीत होती. पुढे तिच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर आभाराच्या ओळीत छापून आलं: सहदेव घाडी, जॉबर, साळखाते. पण ते पुढे.

नाटक संपलं. शेवटी देवाला चुकलंमाकलं सांगायचं छोटं गाऱ्हाणं असतं. नारळ पुढे आला. श्यामसुंदर आवाजासाठी मृदंगाच्या तोंडाला लावलेली कणीक बोटाने खरवडत बसला होता. वर न बघता तो म्हणाला:

“घाला, भावोजी. तुमचाच आसा ता. फक्त एक देवाक सांगा. माझो एक ठोको इकडचो तिकडे जावंक नाय.”

सहदेवने नारळावर हात ठेवला. मान ताठ झाली ती याच क्षणी.

“बा देवा लिंगेश्वरा म्हाराजा! गिरणी गेली, साचे गेले, तरी आज मुलुंडाक तुझी सगळी लेकरां एका जाग्यार उभी आसत!”

“व्हय म्हाराजा!” मैदान म्हणालं.

“तुझ्या मारुतीची शेपटी नऊ फूट केली. नवाक तीन, ह्यो हिशोब ह्या मरोळच्या चेडवान कागदार दाखवल्यान आणि माका साखळेन सांगल्यान. तो खरो ठरलो, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मृणालिनीने पण म्हटलं, जरा उशिरा, आणि लाजून वही तोंडापुढे धरली.

“आणि हो श्यामसुंदर. ह्याका जिंकूक एक ठोको पुरो होतो. ह्येना मान सोडल्यान, पण ताल सोडूक नाय. असो हात सबंध मुंबयत दुसरो नाय, रे म्हाराजा!”

त्यावर सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने, आणि बरोब्बर समेवर जो ‘व्हय म्हाराजा’ आला, तो श्यामसुंदरचा स्वतःचाच होता. आपण काय म्हणालो ते त्याच्या ध्यानात येईपर्यंत जानकी हसायला लागली होती.